जयसिंगच्या टर्बोतली अक्षता

जयसिंगचा धंदा तांदळाच्या एका दाण्यानं बसला असं मी सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसू दे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मीही हसले असते. दाणा कुंकवात भिजवलेला होता, पूजेच्या ताटातला होता आणि तो टाकणारा हात त्याच्या आईचा होता. या सगळ्यात लबाड कोण हे मी खूप शोधलं. कुणीच सापडला नाही. एखादा सापडला असता तर निदान शिव्या घालून मोकळी झाले असते.

माझं नाव विजयश्री. भोसरीच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. आसपासच्या वर्कशॉपवाल्यांचा जीएसटी भरायचा, कोटेशनं टाइप करायची आणि कुणाचं कुणाशी वाजलं की इंग्रजीत मेल लिहून द्यायची. ही मंडळी मराठीत जे बोलतात त्यातलं निम्मं इंग्रजीत उतरवता येत नाही, उतरवूही नये. जयसिंगचं गॅरेज आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत आहे. त्याच्याकडे पाना पडला की माझा चहा हिंदकळायचा. त्याच्या घरातलं आणि धंद्यातलं मला जे माहीत आहे ते बरंचसं या पत्र्याच्या कृपेनं.

जयसिंग मूळचा औशाकडचा. बारावीनंतर मामाच्या ओळखीनं चाकणला आला आणि एका कंपनीत कंत्राटावर इंजिनच्या लाइनला लागला. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की कंपनी ‘ब्रेक’ देते. म्हणजे घरी बसवते आणि मग नवा म्हणून पुन्हा घेते, कायम करायला लागू नये म्हणून. इतर पोरं ब्रेकमध्ये गावाकडे जाऊन लग्नं जेवून यायची. हा भोसरीतल्या गॅरेजांमधून फुकट राबायचा. असे बरेच ब्रेक झाले आणि एकदा कंपनीनं परत बोलावलंच नाही. तेव्हा त्यानं हा गाळा घेतला. बायको कस्तुरा चाकणलाच एका कंपनीत पॅकिंगला जाते. आई सुभद्राबाई नवरा गेल्यावर गाव सोडून यांच्याकडे आल्या. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची खोली, आणि तिथून दुपारी मुलाचा डबा घेऊन चालत येणं हा मावशींचा दिवसातला मोठा कार्यक्रम.

माणूस कसा, तर स्वच्छतेचा वेडा. गॅरेजवाला आणि स्वच्छ, हे ऐकूनच कुणाचा विश्वास बसत नाही. पण त्याच्या फरशीवर बसून जेवता आलं असतं. प्रत्येक बोल्ट काढला की धुवायचा, पुसायचा, फडक्यावर ओळीनं मांडायचा. कस्तुरा म्हणायची, “घरी पाण्याचा तांब्या उचलून ठेवनार न्हाईत, आन हितं बोल्टाला आंघोळ घालत बसत्यात.” तो हसायचा आणि पुसत राहायचा. भांडण म्हणून त्याला येत नव्हतं. गिऱ्हाइकानं आवाज चढवला की हा खाली बघायचा, आणि पत्र्याच्या अलीकडून मलाच राग यायचा.

कंपनीतून गाडी जशी येते तशी काही पोरांना पुरत नाही. तिला आणखी पळवायची असते. त्यासाठी सायलेन्सरपासून टर्बोपर्यंत सगळं बदलणारी एक वेगळी दुनिया आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. दोन हातांत मावतो, दिसायला गोगलगायीसारखा. आत एक दांडी इतक्या वेगानं फिरते की तिला सतत तेल लागतं, आणि हे तेल वरच्या अंगाच्या एका बारीक भोकातून आत जातं. तेल थांबलं की दांडी जळाली. हे सगळं मला जयसिंगनंच शिकवलं. मी विचारलं नव्हतं.

असे बाहेरच्या देशातले टर्बो विकणारं एक दुकान कोल्हापुरात आहे. नाव घेत नाही. त्यांचा नियम असा की वॉरंटी हवी असेल तर टर्बो त्यांच्या यादीतल्या फिटरकडूनच बसवून घ्यायचा. भोसरी, पिंपरी, चाकण या सगळ्या टापूत त्या यादीवर मोजकी नावं होती आणि त्यात जयसिंगचं एक. त्यासाठी त्यांचा कुलदीप नावाचा मेकॅनिक स्वतः येऊन गॅरेज बघून गेला होता. फरशी बघून तो म्हणाला होता, “इथं चप्पल काढून यायचं काय ओ?” जयसिंगनं हे वाक्य पुढं वर्षभर येईल त्याला ऐकवलं. त्याची सगळी रोजीरोटी त्या यादीवर होती. तेल बदलून देणारे आमच्या गल्लीत पैशाला पासरी आहेत. लोक जयसिंगकडे येत ते यादीतला माणूस म्हणून. यादीतून नाव गेलं की गॅरेज बंद, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

गेल्या वर्षी नवरात्रात सांगवीचा दिग्विजय आला. हिंजवडीला नोकरी, रविवारी गाडी घेऊन घाटात. पोरगा वाईट नाही. जयसिंगला ‘भावा’ म्हणायचा आणि चहा पाजायचा. त्यानं कोल्हापूरहून टर्बो मागवला होता आणि खोका थेट गॅरेजच्या पत्त्यावर आला. खोका आला तो नेमका खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

खंडेनवमीला आमच्या एमआयडीसीत कामाचा आवाज बंद असतो. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, पाने, हातोड्या, सगळं धुऊन-पुसून मांडतात, झेंडूच्या माळा घालतात, हळद-कुंकू वाहतात. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही आणि झाकूनही ठेवायचं नाही. मशीनची कव्हरं काढतात, पेट्या उघड्या ठेवतात. वर्षभर ज्यानं भाकरी दिली त्याचं तोंड तरी बघावं, अशी रीत. आमच्या घरी ही पूजा नाही. आमचे वडील कंपनीतून रिटायर झालेले, आम्ही दसऱ्याला पांढरे कपडे घालून देहूरोडच्या विहारात जातो. पण पेढ्यांना मी कधी नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक गाळ्यातून मला हाक येते आणि मी प्रत्येक गाळ्यात जाते.

सुभद्रामावशींचा अक्षतांवर फार जीव. नवा मिक्सर आणला, टाक अक्षता. सुनेचा मोबाइल आला, टाक अक्षता. कस्तुरा नव्या कंपनीत पहिल्या दिवशी निघाली तर बस येईपर्यंत मावशी तिच्या डोक्यावर दाणे टाकत होत्या. त्या दिवशी गॅरेजमध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. मावशींनी खोक्याकडे बोट केलं.

“त्यात काय हाय रं?”

“टर्बो हाय, आई. गिऱ्हाइकाचा.”

“मग त्यो बाहीर काढ की. समद्यात भारी तर त्योच हाय न्हवं?”

जयसिंगनं काढला. पाटावर मधोमध ठेवला. टर्बोच्या सगळ्या भोकांना पिवळ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात, धूळ जाऊ नये म्हणून.

मावशी म्हणाल्या, “हे काय तोंडाला बोळे घालून ठिवलाईस? तोंड झाकून कुणाला कुंकू लावत्यात का?”

त्यानं टोप्या काढल्या. मी तिथंच होते, हातात पेढा होता. त्यानं टोप्या काढल्या कारण आई म्हणाली आणि कारण त्या दिवशी गल्लीत सगळंच उघडं होतं. मावशींनी हळद-कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं आणि डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत, मूठभर अक्षता टाकल्या. दाणे ओलसर होते, कुंकू धरावं म्हणून पाणी लावलेले. टोपण नसलेलं तेलाचं भोक वरच्या बाजूला होतं.

पूजा झाल्यावर जयसिंगनं टर्बो पुसला. हवा मारली. आरपार बघितलं. टोप्या लावल्या. एवढं कोण करतं? पण एक दाणा आतल्या वळणावर ओल्या अंगानं चिकटून बसला होता आणि तो कुणाला दिसणार नव्हता.

दसरा झाल्यावर टर्बो बसवला. गाडी उत्तम पळायला लागली. दिग्विजयनं व्हिडिओ पाठवले, मला पण पाठवले, मी न बघताच अंगठा दिला. मग दिवाळीच्या तोंडावर चाकणच्या पुढे, हायवेवर, गाडीतून शिट्टीसारखा आवाज आला, मागं निळा धूर झाला आणि गाडी बसली. टोईंगवाल्यानं गाडी आणून गॅरेजसमोर उभी केली तेव्हा जयसिंग तिच्याकडे बघत राहिला. त्यानं टर्बो काढला, दांडी हलवून बघितली, ती जाम झालेली होती. तो म्हणाला, “तेल पोचलं न्हाई. पर का पोचलं न्हाई? नळी साफ हाय, पंप साफ हाय.”

टर्बो वॉरंटीसाठी कोल्हापूरला गेला, आणि मग सुरू झाली ती मेलामेली. पहिलं उत्तर आलं, आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. दुसऱ्या उत्तरातही ती महत्त्वाचीच होती. फोन केला तर गाणं लागायचं, गाणं संपलं की एक मुलगी गाडीचा नंबर विचारायची, नंबर दिला की दुसरीकडे जोडायची, तिथं परत गाणं. दिग्विजयनं भांडून बघितलं, मी भांडून बघितलं. शेवटी न उघडताच निकाल आला. दांडी जाम आहे, म्हणजे तेलाचा पुरवठा तुटला, म्हणजे फिटरचा निष्काळजीपणा, म्हणून वॉरंटी नाही. खाली एक ओळ होती की संबंधित फिटरचं नाव यादीत ठेवायचं की नाही याचा विचार चालू आहे.

ती मेल मी जयसिंगला वाचून दाखवली. मराठी करून सांगितली. निष्काळजीपणा म्हटल्यावर त्यानं मला परत वाचायला लावलं. मग तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि त्या दिवशी त्याचा डबा तसाच परत गेला. मावशी भरला डबा हातात घेऊन माझ्या दारात आल्या.

“काय झालंय गं पोरी? जेवंना त्यो.”

मी सांगितलं, दुकानवाले म्हणतात त्यानं काम नीट केलं नाही, पुरती काळजी घेतली नाही.

“माझ्या लेकरानं?” मावशी म्हणाल्या. “त्येनं?” आणि दारातच बसल्या. त्या दिवसापासून त्यांच्या मनानं एकच धरलं, की कुणीतरी भेटला पाहिजे आणि त्याला आपण सांगितलं पाहिजे की आपला मुलगा रीत सोडून काही करत नाही.

जयसिंग दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला चिडलेलं बघत होते.

“ताई, ल्ह्या त्येंना. माझ्या डोळ्यांदेखत उघडा म्हनावं. न उघडता माझं नाव कसं काय घेतेत? आत माझी चूक निघाली तर मीच म्हनीन, काढा नाव.”

मी खूश झाले. म्हटलं, आला गडी मैदानात. मी अशी मेल लिहिली की माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना अभिमान वाटला असता. ग्राहक मंचाचं नाव काढलं, दिग्विजयची सही घेतली, शेवटचं वाक्य त्याचंच घातलं, चूक निघाली तर नाव काढा. त्यांनी मान्य केलं. व्हिडिओवर उघडू, तुम्ही सगळे बघा, म्हणाले.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही माझ्या ऑफिसात बसलो. जयसिंग हात धुऊन, धुतलेला शर्ट घालून आला होता. दिग्विजय रजा टाकून आला होता. समोर कॉम्प्युटरवर कुलदीप, आणि त्याच्यापुढं पांढऱ्या ट्रेमध्ये आमचा टर्बो. त्यानं आधी सांगून टाकलं की कॉल रेकॉर्ड होतोय, मालकाचा हुकूम आहे. मग एकेक बोल्ट सोडवायला लागला. जयसिंग खुर्चीत पुढं सरकून बघत होता. मध्येच म्हणाला, “आमी लावताना हितंच सील टाकलं हुतं, बगा, जाग्यावर हाय.” कुलदीप म्हणाला, “हाय की. झकास बसवलंय.” जयसिंगनं माझ्याकडे बघितलं. लहान पोराच्या तोंडावर यावा तसा आनंद त्याच्या तोंडावर होता. मला वाटलं, जिंकलो.

दांडी निघाली, जळून काळी पडलेली. मग कुलदीपनं तेलाच्या वाटेत बारीक तार घातली. तार अडली. त्यानं तार फिरवली, ओढली. काळ्या तेलाचा एक थेंब ट्रेवर पडला आणि त्या थेंबात काहीतरी होतं. त्यानं ते चिमट्यानं उचललं, पुसलं, कॅमेऱ्याजवळ धरलं. एका टोकाला करपलेला, दुसऱ्या टोकाला अजून लाल, तांदळाचा दाणा.

ओळखायला काही लागतच नव्हतं, मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल तो दाणा कुठला. जयसिंगच्या तोंडावरचा रंग मी उतरताना बघितला. दिग्विजयनं एकदा दाण्याकडे बघितलं, एकदा जयसिंगकडे, आणि मग खाली.

कुलदीपनं दाणा ट्रेवर ठेवला. घसा साफ केला आणि हळू आवाजात, शब्द मोजून बोलायला लागला.

“जयसिंगराव, नवरात्राचा घट आमच्या गोडाऊनातबी बसतोय. माल उघडा असतोय, पोरं पूजा करत्यात. तेव्हा ही वस्तू आमच्याकडनं आत गेली का तुमच्याकडनं, हे मला छातीठोक सांगता यायचं न्हाई. मी आपलं असं लिहितो, बाहेरची वस्तू, कुठनं आली ते कळत न्हाई. असं लिहिलं की फिटरच्या नावाला धक्का लागत न्हाई. कुणाला काय सांगायचं असंल तर आत्ताच सांगा. न्हाईतर मी हे असंच लिहितो.”

भला माणूस. त्याला सगळं कळलं होतं आणि त्यानं दार उघडून धरलं होतं. आम्हाला खोटं बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. जयसिंगनं टेबलाची कड घट्ट धरली होती. मी मनात म्हणत होते, बाबा रे, उभा जन्म गप्प बसलास, आता एवढं एक मिनिट गप्प बस. आणि तो गप्पच होता. दिग्विजयही गप्प होता.

मावशी माझ्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळलंच नाही. हातात डब्याची पिशवी. त्या आत आल्या आणि वाकून कॉम्प्युटरकडे बघायला लागल्या.

“आगं बया, अक्षता हाय की ती.”

त्यांनी पदर सावरला, पडद्यावरच्या त्या दाण्याला बोटं लावली आणि बोटं कपाळाला लावली. मग कुलदीपशी बोलल्या, तो बहिरा असल्यासारख्या मोठ्या आवाजात.

“ओ साहेब. ती आमची हाय. मी टाकलीय, ह्या हातानं. खंडेनवमीला. हे सामान माझ्या लेकरानं बिनपूजेचं बशिवलं न्हाई. पाटावर ठिवलं, हळद-कुंकू लावलं, समदं रीतीनं केलं, मंग बशिवलं. तुमी म्हनलाव न्हवं त्येनं काळजी घेतली न्हाई? ही बगा की काळजी. आजून हाय आत. जळली, पर सुटली न्हाई. लिवून घ्या.”

कुलदीप जयसिंगकडे बघत होता. आणि मी जयसिंगकडे बघत होते. अजूनही वेळ गेली नव्हती. आईला काही कळत नाही साहेब, तिचं मनावर घेऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी कुलदीपनं मान डोलावली असती. म्हाताऱ्या बाईचं बोलणं कोण धरतं? जयसिंगनं तोंड उघडलं. आईकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघून मान हलवत होती, तू घाबरू नको म्हणून. परक्या माणसांपुढं तिला खोटी पाडायचं त्याच्यानं झालं नाही.

“हाव साहेब,” तो म्हणाला. “आईनंच टाकली. टोप्या मी काढल्या हुत्या.”

“नाव लिवा माझं,” मावशी म्हणाल्या. “उगं आपलं तोंडी नगं.”

कुलदीपनं विचारलं, “काय नाव, आजी?”

त्यांनी नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, तालुक्याचं सांगितलं. कुलदीपनं ते मान खाली घालून लिहून घेतलं. त्याचा हात सावकाश चालत होता. मग त्यानं आम्हाला सगळ्यांना नमस्कार केला आणि पडदा काळा झाला.

मावशींनी डब्याची पिशवी टेबलावर ठेवली. “आता जेव,” त्या मुलाला म्हणाल्या. “सांगितलं मी त्येला नीट.” आणि जयसिंग खरंच जेवायला बसला. माझ्याच टेबलावर, आईसमोर. प्रत्येक घास त्यानं खाल्ला. मी बाहेर जाऊन उभी राहिले. दिग्विजय माझ्यामागून बाहेर आला, गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला, म्हणाला, “ताई, मी काय बोलणार आता यात?” मी म्हटलं, काही बोलू नकोस. तो गेला, आणि नंतर कधी आला नाही. त्याचं नुकसान जयसिंगनं भरून दिलं. कशातून, ते कस्तुराच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं की कळतं.

मला संताप आला होता आणि तो कुठं काढावा ते कळत नव्हतं. कुलदीपवर काढावा तर त्यानं होता तेवढा चांगुलपणा खर्च केला होता. दुकानावर काढावा तर टर्बोत तांदूळ घालून वर वॉरंटी मागायची, हे मी तरी कुठल्या तोंडानं म्हणू? मावशींवर काढावा तर त्या पिशवी झटकत, हलक्या पायांनी घराकडे चालल्या होत्या. त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, असं गल्लीतले दोघं-तिघं मला म्हणाले. सांगा ना मग. मी सांगायला गेले तर लोक म्हणतील, हिच्या घरी पूजा नाही म्हणून ही आमच्या अक्षतांना नावं ठेवते. पण खरं कारण तेही नाही. मावशी, तुमच्याच हातानं तुमच्या मुलाचं नुकसान झालं, हे वाक्य मला कुठल्याच भाषेत लिहिता आलं नसतं.

महिन्याभरात अंतिम मेल आली. पूजेच्या वेळी संरक्षक टोप्या काढल्या, त्यामुळे बाहेरची वस्तू आत गेली, फिटरनं आणि त्याच्या आईनं हे स्वतः मान्य केलं. वॉरंटी नाही. फिटरचं नाव यादीतून कमी. जयसिंगनं ऐकून घेतली आणि मान हलवली. चूक निघाली तर नाव काढा असं आपणच म्हणालो होतो, एवढंच तो बोलला. मावशी तिथंच होत्या.

“काय म्हनतेत गं? माझं नाव हाय का त्यात?”

मी म्हटलं, “आहे, मावशी. पूर्ण नाव आहे.”

“गावासकट?”

“गावासकट.”

“मग झालं तर,” त्या म्हणाल्या. “लिवलंय म्हंजी मानलं त्येंनी. आता दुसरा कवा धाडतेत?”

मी जयसिंगकडे बघितलं. तो फरशीवरचा न पडलेला डाग पुसत होता. वर न बघता म्हणाला, “धाडतेत, आई. टाइम लागतो.”

गॅरेज संक्रांतीनंतर बंद झालं. आता त्या गाळ्यात फॅब्रिकेशनवाला आला आहे, त्याच्या वेल्डिंगनं माझे डोळे जातील. जयसिंग परत चाकणला, कंत्राटावर, सेकंड शिफ्टला. त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरांच्या रांगेत उभा राहून पास दाखवतो. आईला त्यानं सांगितलं आहे की दुकानाकडून सामान येईपर्यंतच जातोय. कस्तुराही तेच सांगते. आणि मावशी दुपारी, आता कुणाचा डबा पोचवायचा नसतो तरी, गल्लीतून चालत माझ्या दारापर्यंत येतात, उंबऱ्याशी उभ्या राहून आत कॉम्प्युटरकडे बघतात.

“आला का गं त्येंचा खोका?”

“निघालाय, मावशी,” मी म्हणते. “वाटेत आहे.”